धुराचा रंग

४ ऑक्टोबर, शनिवार

आज दुपारी आमचे स्वयंपाकघर बंद पडले. अधिक नेमके लिहायचे तर हिने ते बंद केले. मी इतकेच म्हणालो होतो की, माशाच्या रश्श्याला रश्श्याची चव नाही. कोमट पाण्यात भिजलेल्या फडक्याची आहे. उभा जन्म मी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला. चूक दिसूनही समासात खूण न करणे याला मी सभ्यपणा मानत नाही, लबाडी मानतो. उन्हाळ्यातल्या त्या लांबलेल्या सर्दीतून मी उठलो तेव्हापासून या घरात रोज खूण करावी लागते, याला मी काय करणार?

हिने डाव सिंकमध्ये ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "झालं. माझ्या हातचं सगळं संपलं. आता तुम्हीच करा आणि तुम्हीच खा."

मग पिशवी भरली. धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्याकडे चालले, म्हणाली. दारात चपला घालताना वळली.

"ज्या दिवशी एका घासाला मनापासून 'छान' म्हणाल ना, त्या दिवशी बोलवा. येईन. पण खोटं म्हणायचं नाही. खोटं मला कळतं."

मी खोटे बोलत नाही, हे तिला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच अट कठीण आहे.

संध्याकाळी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. अंडीसुद्धा पूर्वीसारखी राहिलेली नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार

मुलीचा फोन. २६ तारखेला ती आणि जावई येणार आहेत.

"बाबा, आई रडत होती. तुम्ही तिला काय बोललात?"

'तिला काय म्हणालात' असे विचारावे, असे मी सुचवले.

"बाबा!" एवढेच म्हणून तिने फोन ठेवला. उद्गारचिन्ह मला स्पष्ट ऐकू आले.

त्यानंतर मी घरात येरझाऱ्या घालत राहिलो. खुर्चीवर बसलो की वाटे खिडकी लावावी. खिडकी लावली की वाटे उघडावी. अशा एका उघडण्यात शेजारच्या वकिलांचे अंगण दिसले. काल तिथे त्यांच्याकडची मंडळी एका शेगडीभोवती उभी राहून खात होती आणि दुपारभर हसत होती. जाळीवर भाजलेल्या अन्नाला विस्तवच चव देत असावा. तिथे मसाल्यांच्या आणि पर्यायाने मसाले घालणाऱ्यांच्या चुकांना वाव नाही. २६ तारखेला आपल्याही मागच्या अंगणात मी स्वतः रांधीन, हिला सन्मानाने बोलावीन आणि सर्वांसमक्ष पहिल्या घासाला 'छान' म्हणेन. मनापासून, आणि व्याकरणदृष्ट्याही निर्दोष.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाहेर रांधण्याच्या सामानाचे दुकान बाजाराच्या टोकाला आहे. आत शिरताच दुकानदाराने मला ओळखीच्या माणसासारखे धरले.

"या काका! गॅसवरचं दाखवू, कोळशाचं दाखवू की विजेवरचं? का सरळ स्मोकर घेताय?"

"स्मोकर म्हणजे काय?"

"धुरात शिजवायचं, काका. मंद. सकाळी ठेवलं की संध्याकाळी मांस हाडावरून गळून पडतं!"

गळून पडणे ही मला पदार्थापेक्षा रुग्णाची अवस्था वाटली. शिवाय 'स्मोकर' हा शब्द वस्तूला लावणे मला रुचले नाही. मी त्यास 'धूम्रपेटी' म्हणणार आहे.

त्याने सगळे फिरून दाखवले. गॅसची शेगडी कपाटाएवढी, खाली सिलिंडर, पुढे बटणे. विजेची फ्लॅटच्या गच्चीत रांधणाऱ्यांसाठी. उभ्या पिंपासारखी ती धूम्रपेटी. आणि एका कोपऱ्यात तीन पायांची, झाकणाची, गोल कोळशाची शेगडी, एखाद्या मोठ्या किटलीचा दांडा काढून टाकावा तशी.

"गॅस म्हणजे बटण दाबलं की पेटला. कोळशाला मेहनत आहे, पण चव बघा! तुम्हाला किती माणसांचं करायचंय?"

"खाणारी पाच आहेत," मी म्हणालो. "करायचे एकीसाठी आहे."

"मग काकू सांगतील तेच घ्या ना! उगाच डोक्याला ताप कशाला?"

मी त्याला सांगितले नाही की काकूंचे मत सध्या दोन गल्ल्या पलीकडे असते. पसंत पडेपर्यंत वापरून पाहण्याची सोय आहे, असे तो म्हणाला. गोल शेगडी उद्या घरी येईल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी कोळसा ठरवला. अंघोळीनंतर गॅस ठरवला. दुपारी धूम्रपेटीकडे मन गेले आणि संध्याकाळी पुन्हा कोळशाकडे परतले. टेप घेऊन अंगण मोजले. भिंतीपासून किती अंतर ठेवावे याचा विचार करीत गटाराच्या झाकणाशेजारी बराच वेळ बसलो.

भिंतीवरून वकिलांचे डोके वर आले. नाकाला रुमाल.

"अहो, तुमच्या बाजूला उंदीर मेलाय बहुतेक! आमच्या खिडक्या उघडता येत नाहीत. आणि तुम्ही खुशाल तिथे टेप घेऊन बसलाय?"

मी त्यांना शांतपणे सांगितले की मी सकाळपासून येथेच आहे आणि येथे काहीही नाही. वकील मंडळींना प्रत्येक गोष्टीत दावा दिसतो. त्यांनी सफाईवाल्याला बोलावले. उंदीर निघाला. वकिलांना खटला जिंकल्याचा आनंद झाला. एक मेलेला उंदीर म्हणजे काही निकाल नव्हे.

चहाचा दुकानदार बदलला. नव्या चहालाही रंग आहे, ऊब आहे, चहा नाही. साबणाचीही तीच गत. वर्तमानपत्राची घडी उघडली की पूर्वी छापखाना नाकाशी येई. आता कागद म्हणजे नुसता कागद. शाईत काटकसर करू लागले आहेत. सगळीकडेच हात आखडता घेण्याचे दिवस आहेत. निदान विस्तव तरी पूर्वीचाच असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रयोग. गोल शेगडीसोबतची माहितीपुस्तिका वाचली. ती ज्याने लिहिली त्याला शुद्धलेखनाशी वैर असावे. लाल शाईने दुरुस्त करताना जवळजवळ सर्व मजकूर पाठ झाला. एके ठिकाणी म्हटले आहे की, सुरुवातीचा दाट पांढरा धूर अन्नाला कडवट करतो. तो विरून पातळ, निळसर धूर येऊ लागला की मगच अन्न जाळीवर ठेवावे. या एका वाक्यात मला चार ठिकाणी खुणा कराव्या लागल्या.

दुरुस्तीच्या नादात अर्थाकडे दुर्लक्ष झाले. कोंबडीचे तुकडे धूर पांढरा असतानाच ठेवले. एक बाजू काळी झाली, दुसरी गुलाबी राहिली. काळी बाजू खाल्ली. कडू लागली, पण तेवढेच. कडूपणाच्या मागे काही उभे नव्हते. एक तुकडा मांजरासमोर टाकला. ते दोन पावले पुढे आले, हुंगले आणि माझ्याकडे असे पाहून गेले की मला ओशाळल्यासारखे झाले.

चूक यंत्राची नाही, लाकूड न टाकल्याची असावी. शेगडीत कोळशावर लाकडाचे तुकडे टाकले म्हणजे तीच धूम्रपेटीचे काम करते, असे दुकानदार म्हणाला होता. आणि प्रत्येक लाकडाचा धूर निराळा असतो, असेही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आंबा, सफरचंद, ओक आणि अक्रोड अशा चार लाकडांच्या पिशव्या आणल्या. मुद्रित जसे मूळ प्रतीशी ताडून पाहतात तसा प्रयोग केला. एकाच टोपलीतले सारख्या आकाराचे बटाटे, सारखा विस्तव, सारखे मीठ. बदल केवळ लाकडाचा. दिवस त्यात गेला. डोळे लाल झाले, पाठ धरली. चारही बटाटे एकाच चवीचे. मऊ, गरम, खारट.

निष्कर्ष उघड होता. एकच लाकूड चार नावांनी विकले जात आहे. तसाच सदऱ्यावर राख घेऊन मी दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला तसे म्हणालो.

दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने चारही पिशव्यांची तोंडे उघडली. "काका, तुम्ही स्वतः वास घ्या! हा आंबा. हा अक्रोड. आंधळासुद्धा सांगेल!"

मी वास घेतला. "लाकूड," मी म्हणालो. "चारही वेळा."

गिऱ्हाइकांतल्या एका बाईने पिशवीत डोकावून माझ्याकडे पाहिले आणि मग दुकानदाराकडे. दुकानदार मऊपणाने म्हणाला, "असू दे, काका. लाकडाच्या भानगडीत पडू नका. गॅसचीच शेगडी पाठवतो, वापरून बघा."

आपली चोरी पकडली गेल्यावर माणसे अशीच नरमतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फळवाल्याकडे मेहुणी भेटली. माझ्या सदऱ्याकडे पाहून नाक मुरडले. "काय हो भावोजी, घर पेटलं की काय?"

हिची चौकशी केली.

"ताई बरी आहे. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. काल म्हटलं, जरा भाजीला फोडणी दे, तर म्हणते, नको, तूच दे, माझा अंदाज आता उरला नाही. मीठसुद्धा मला घालायला लावते! जिच्या हातचं खायला माणसं निमित्तं शोधायची, ती."

याचा अर्थ हिला स्वतःच्या चुका अखेर पटल्या. माझे म्हणणे सिद्ध झाले. घरी येईपर्यंत मला याचे समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही. संत्री घ्यायची राहूनच गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिले नाही. आज क्रमाने लिहितो.

गॅसची शेगडी काल सकाळी आली. बाहेर वारा होता, म्हणून ती बाजूच्या काचबंद व्हरांड्यात ठेवून घेतली आणि खिडक्या लावल्या. दुपारी एकटाच प्रयोगाला बसलो. सिलिंडर उघडला, बटण फिरवले, ठिणगी पडेना. पुन्हा फिरवले, पुन्हा नाही. बटण तसेच ठेवून काडेपेटी शोधायला आत गेलो. हिच्या गैरहजेरीत कोणतीही वस्तू जागेवर नसते. शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी ती देवाच्या कृपेने, म्हणजे टेबलाच्या खणात, सापडली.

व्हरांड्यात परतलो, खाली वाकलो आणि काडी पेटीवर टेकवली. तेवढ्यात फाटक वाजले. ही आपला चष्मा न्यायला आली होती. व्हरांड्याचे दार उघडले मात्र, ती ओरडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. धावत येऊन तिने माझ्या हातावर फटका मारला. काडेपेटी उडून कोपऱ्यात गेली. तिने सिलिंडर बंद केला, एकेक खिडकी ढकलून उघडली आणि मला दंडाला धरून अंगणात खेचत नेले.

"जीव द्यायचा होता का?" ती धापा टाकत होती. "सगळा व्हरांडा भरलाय गॅसने! वास येत नाही तुम्हाला?"

"कसला?" मी विचारले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. वाऱ्याने आमच्यामागे खिडकीची झडप आपटत होती आणि ती लावायला दोघांपैकी कोणीच गेले नाही.

थोड्या वेळाने ती आत गेली. परत आली ती ओच्यात काही घेऊन. "डोळे मिटा," म्हणाली. माझ्या नाकाखाली काही धरले. "काय आहे?"

"काही नाही."

दुसरे काही धरले. "आता?"

"तू काही धरले आहेस काय?"

तिसऱ्या वेळी डोळ्यांना झोंबले, पाणी आले. "कांदा," मी म्हणालो. "हा झोंबतो आहे."

"झोंबतोय. वास?"

मी डोळे उघडले. पायरीवर चिरलेला कांदा, कॉफीचा डबा आणि अत्तराची ती बाटली होती, जी मीच तिला एकेकाळी आणून दिली होती. बाटलीचे बूच उघडे होते.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. "त्या सर्दीपासून," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागली. "अहो, मी रस्सा पुन्हा पुन्हा चाखायचे. मला नीट लागायचा. तुम्ही म्हणायचात, फडकं. मी मसाला बदलला, तेल बदललं, कोळीण बदलली. तुम्ही आपले, फडकं. मग मला वाटायला लागलं, यांचं कधी चुकत नाही. म्हणजे माझीच जीभ गेली. मीच म्हातारी झाले, मलाच काही कळेनासं झालंय. बहिणीकडे चिमूटभर मीठ घालायलासुद्धा मी तिला बोलवायचे, ठाऊक आहे?"

मी अत्तराच्या बाटलीचे बूच लावले.

संध्याकाळी बहिणीकडून ती आपली पिशवी घेऊन आली. मी दारात उभा होतो.

"मी तुमच्यासाठी आले नाहीये," ती म्हणाली. "गॅससाठी आले आहे. तुमची अट तशीच आहे."

अट तिची होती. मी ती दुरुस्ती केली नाही. पिशवी तिने उघडलेली नाही. मागच्या दाराशी भरलेली ठेवली आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, अशा तापसर्दीने काही जणांची वास घेण्याची शक्ती जाते. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सारे नाकाचे काम.

"परत येईल?"

"येऊ शकेल. नाहीही येणार. रोज लवंग, लिंबू असं काहीतरी हुंगत राहा. आठवून आठवून हुंगा."

म्हणजे चहा ठीक होता. साबण ठीक होता. शाईत काटकसर नव्हती. येताना शेगड्यांच्या दुकानात थांबलो. चार गिऱ्हाइकांदेखत आरोप केला होता, म्हणून गिऱ्हाइके येईपर्यंत थांबलो आणि मग माफी मागितली. दुकानदाराने लगबगीने खुर्ची पुढे केली. गॅसची शेगडी त्याने परत नेली.

"मग आता काय घेताय, काका?"

ज्याला धूर कळत नाही त्याने धुरावर रांधावे कशासाठी? २६ तारखेचा बेत रद्द करावा, असे हिला म्हणालो. ही लवंगेची बाटली माझ्यापुढे ठेवत होती.

"मुलगी येतेय. तिला काय सांगणार? बाबांचं नाक गेलं म्हणून पाव खा?" मग म्हणाली, "आणि धूर काय नुसता हुंगायचाच असतो? डोळे शाबूत आहेत ना?"

मी उठून येरझाऱ्या घालू लागलो. माहितीपुस्तिकेतील ते चार चुकांचे वाक्य मला शब्दशः आठवले.

२६ ऑक्टोबर, रविवार

गोल, झाकणाची, कोळशाची शेगडी ठेवून घेतली. सकाळी अंगणात मांडली. कोंबडी, मक्याची कणसे, कांदे, बटाटे. मीठ, तेल, लिंबू मी स्वतः लावले. ही हात लावायला तयार नव्हती. लांब उभी राहून पाहत होती.

कोळसे पेटले, वरून राखेची साय धरली. मी लाकूड टाकले. पांढरा दाट धूर उठला. वकिलांचे डोके भिंतीवरून वर आले आणि नाहीसे झाले.

"आता ठेवू?" जावई विचारत होते.

"नाही," मी म्हणालो. "पांढरा आहे."

सगळे थांबले. मी झाकणाच्या छिद्राकडे पाहत राहिलो. जास्त शाईने माखलेली ओळ जशी हळूहळू वाचता येऊ लागते तसा धूर विरळ होत गेला आणि मागच्या भिंतीपुढे अगदी पुसट निळा दिसू लागला.

"निळसर," मी म्हणालो.

ही केव्हा जवळ आली मला कळले नाही. तिने मान पुढे करून श्वास घेतला. "थांबा जरा. अजून कडवट आहे." मग थोड्या वेळाने, "हं. आता. आता गोड आलाय. ठेवा."

आम्ही तसेच केले. मी रंग सांगायचा, तिने वास. एकदा मी म्हणालो निळा आहे आणि ती म्हणाली, "अहो, कांदा करपतोय, तुमचा निळा राहू दे." कांदा करपत होता.

मेहुणी म्हणाली, "हे दोघं रांधतायत की भांडतायत?"

"बाहेरून कळत नाही," मुलगी म्हणाली.

ताटे वाढली. सगळे माझ्याकडे पाहत होते, निदान मला तसे वाटले. मी पहिला घास घेतला. मऊ. गरम. लिंबाचा आंबटपणा. मीठ. त्यापलीकडे भिंत.

'छान' हा शब्द ओठांशी होता. पण मनापासून म्हणायला मनात काही पोचावे लागते. मी घास गिळला आणि हिला विचारले, "कसे झाले आहे?"

तिने घाई केली नाही. चावत राहिली. "वरून करकरीत आहे," ती म्हणाली. "त्याच्याखाली धूर. फार नाही, कुणी शेजारच्या खोलीत असावं इतपत. मग लिंबू. आणि शेवटी ते लाकूड येतं, गोडसर." ती थांबली. "पण खारट झालंय."

"खारट नाही," मी म्हणालो.

"खारट आहे."

"मीठ नेमके आहे. इतर गोष्टींत तुझे ऐकतो. मीठ मला कळते, डॉक्टरांना विचार."

"डॉक्टरांनी खाल्लंय का हे? गेले कित्येक महिने तुम्ही प्रत्येक घासावर मीठ ओतताय. तुमचा हात सुटलाय!"

"बाबा, खारटच आहे," मुलगी म्हणाली.

जावयांनी मत दिले नाही. ते शहाणे आहेत. ही उठली, आत गेली, आणि तिने स्वतः बिनमिठाचे दही कालवून आणले. कोंबडीवर घातले, चाखले, चिमूटभर काही टाकले, पुन्हा चाखले. मीठ किती, हे तिने कुणाला विचारले नाही. मी पाहत होतो.

सगळी गेल्यावर अंगण झाडले, राख थंड होऊ दिली. आत येताना मागच्या दाराशी पिशवीची जागा रिकामी दिसली. मी थबकलो.

"पिशवी कुठे आहे?"

"कपडे धुवायला टाकले," ती आतून म्हणाली. "दाराशी ठेवली होती ना, सगळ्याला धुराचा वास लागलाय. तुमचा सदरा पण द्या."

"माझ्या सदऱ्याला येतो आहे?"

"भरपूर."

मी बाही नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. मग सदरा काढला आणि तिच्या शब्दावर धुवायला टाकला.